हजेरीपटातले मोकाट फोटो

आमच्या घरात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद पाडायला बांध लागला नाही, विहीर लागली नाही, माझं एक डिझाइन पुरलं.

मंठ्याच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. बारशाचं निमंत्रण, लग्नाची पत्रिका, वास्तुशांती, दहाव्याचं कार्ड, सगळं माझ्याकडे होतं. तालुक्यातला माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत चारदा तरी माझ्या कॉम्प्युटरमधून जातो. सात वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिकाही अर्थात मीच केली. निमंत्रकांमध्ये दोन नावं होती. एक आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं: दत्तात्रय, त्यापुढे वडिलांचं नाव, आडनाव, 'प्राथमिक शिक्षक' आणि शाळेचं गाव. दुसरं मोठ्या बाबांचं, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाचं: राम. पुढे हुद्दा वगैरे काही नाही, कारण ते हसनाबादला शेती करतात आणि शेतीला हुद्दा नसतो. आता लांब ओळ वर आणि आखूड ओळ खाली घेतली की मजकूर खाली निमुळता होत जातो आणि फार सुबक दिसतो. (दिसतोच. माझं आजही तेच मत आहे.) म्हणून मी धाकट्याचं नाव वर घातलं आणि थोरल्याचं खाली.

पत्रिका देखणी झाली. मोठे बाबा हसनाबादहून लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि पानावर न बसता परत गेले.

नातेवाइकांनी आप्पांना घेरलं. "धाकट्याचं नाव वर कसं काय गुरुजी?" आप्पा म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी तेव्हा जिलबी वाढण्यात फार गुंतले होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

त्यानंतर दोन्ही भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. इथं कुणी कुणाला काही बोललंच नव्हतं, मग मिटवायचं काय? आप्पा दर दिवाळीला हसनाबादला फोन लावायचे, तिकडून मोठ्या बाबांचा "हॅलो" ऐकू आला की ठेवून द्यायचे. आई म्हणायची, "छत्तीस वर्षं पोरं शिकवली, पण सख्ख्या भावाला बोलायला तोंड उघडत न्हाई यांचं."

आप्पा रिटायर झाले, आणि एकसष्टी आली. तेव्हा त्यांनी जाहीर केलं की पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची नाही, पुस्तिका द्यायची. स्वतः लिहिलेली. नाव 'हजेरीपट'. आयुष्यात ज्यांनी ज्यांनी हजेरी लावली त्या प्रत्येकावर एक टिपण. माणसंच नव्हेत, तर शाळेचा हातपंप, त्यांची जुनी स्कूटर, आणि गावाकडचा सुभेदार नावाचा बैलसुद्धा.

आप्पांची लिहायची पद्धत ऐकून ठेवा, कारण पुढचा सगळा घात तिनंच केला. (माझ्या खालोखाल.) वर्गात ते कुठल्याही गोष्टीचं नाव आधी सांगायचे नाहीत. आधी वर्णन, मग नाव. पोरं कान टवकारून बसतात म्हणे. पुस्तिकेतही तसंच. वर मथळा नाही, नाव नाही. प्रत्येक टिपणाची सुरुवात एकच: 'शेजारच्या फोटोत पाहा.' मग पंधरा-वीस ओळी वर्णन, आणि अगदी शेवटच्या ओळीत नाव. शिवाय प्रत्येक टिपण बरोबर अर्ध्या पानात मावेल एवढंच. ना ओळ कमी, ना ओळ जास्त. मास्तरच ते.

मोठ्या बाबांवरचं टिपण लिहायला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ते दुकानात आले, कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि पाठ फिरवून बाहेरची रहदारी बघत उभे राहिले. मी वाचलं. लिहिलं होतं, 'शेजारच्या फोटोत पाहा. या माणसानं सातवीतून शाळा सोडली आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर उभा राहिला, म्हणून मी मास्तर झालो. एके दिवशी तापलेली सळी त्याच्या उजव्या हातावर पडली. ती खूण अजून आहे. मी जन्मभर फळ्यावर जे काही लिहिलं, ते त्या हातानं लिहिलं. हे त्याला सांगायला मला कधी जमलं नाही.' आणि शेवटी, 'तो माझा दादा.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आप्पा, हे त्यांना तोंडानं सांगा की."

"तोंडानं जमलं असतं तर लिवलं कशाला असतं?" ते रहदारीकडे बघतच म्हणाले.

मग मी ठरवलं. पत्रिकेनं मोडलेलं पुस्तिकेनं जोडायचं. हसनाबादला फोन लावला. "मोठे बाबा, एकसष्टीला यायचंय. आप्पांनी तुमच्यावर लिहिलंय."

पलीकडून, "काय लिवलंय?"

"ते येऊन ऐका. सगळ्यांसमोर माइकवर वाचणार आहेत."

"सगळ्यायसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बरं," ते म्हणाले. "मंग येतो."

ते 'सगळ्यायसमोर' मला तेव्हा नीट ऐकू यायला हवं होतं.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल, म्हणजे माझ्या अडाणीपणाबद्दल. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर वाहता असतो. वर कुठे दोन ओळी घातल्या तर पुढचं सगळं दोन ओळी खाली सरकतं. फोटो मात्र सरकत नाहीत. ते पानावर जिथं ठेवले तिथंच बसून राहतात. म्हणून प्रत्येक फोटो त्याच्या त्याच्या ओळीला बांधून ठेवायची सोय असते. त्याला अँकर करणं म्हणतात. एकदा बांधला की ओळ जाईल तिकडं फोटो जातो. जालन्याला मी कोर्स केला तेव्हा सरांनी हे शिकवलं होतं. त्या दिवशी मी मंठ्याची एस.टी. गाठायला अर्धा तास आधी निघाले होते. पुढे कधी अडलंही नाही. पत्रिकेचं एकच पान असतं, आणि त्यावरच्या गणपतीला कुठं जायचं नसतं.

'हजेरीपटा'चे चाळीस फोटो मी हातानं एकेक करून जागेवर बसवले. एका पानावर दोन टिपणं, दोन फोटो. इतकं सुरेख बसलं की मीच तीनदा बघितलं. आप्पांनीही चष्मा लावून पान न् पान तपासलं, आणि कोपऱ्यात लाल पेनानं 'छान' असा शेरा दिला. आजवर त्यांनी मला दिलेला तो पहिलाच 'छान'. फाइल घेऊन मी दुसऱ्या दिवशी जालन्याला प्रेसमध्ये निघाले.

प्रेसच्या पायरीवर असतानाच आत्याचा फोन. आत्या म्हणजे आप्पांची बहीण, जालन्यालाच असते.

"काय गं, ते पुस्तकात आभार मानलेत म्हणे सगळ्यायचे?"

"हो आत्या, पहिल्याच पानावर."

"त्यात आमच्या जावयाचं नाव हाय का?"

नव्हतं.

"न्हाई ना? मला ठाऊकच व्हतं. एकसष्टीला त्यायनं मंडपवाला बघून दिला, अन् नाव न्हाई. मंग आता त्यायनं यावं का न्हाई तेवढं सांग, म्हणजे मी आजच निरोप देते."

आमच्याकडे लग्न मोडेल पण जावयाचं नाव राहता कामा नये. मी म्हटलं, घालते. आणि मागच्या अनुभवानं शहाणी झालेली असल्यामुळे लगेच पुढचा विचार केला: एका जावयाचं नाव घातलं तर बाकीचे जावई? प्रेसच्या कॉम्प्युटरवर बसले आणि घराण्यातले झाडून सगळे जावई, हुद्द्यांसकट, गावांसकट, वयानुसार वरपासून खालपर्यंत घातले. (या वेळी वय बघितलं. सुबकपणा बघितला नाही. माणूस सुधारतो.) सगळं मिळून अर्धं पान आणि वर एक ओळ झाली.

प्रेसचे मालक मागे उभे. "ताई, जल्दी करा. मशिन थांबलंय."

मी पहिलं पान बघितलं. जावई जागेवर. शेवटचं पान बघितलं. तिथं अर्ध्याहून जास्त पान रिकामं होतंच, मजकूर बिनबोभाट मावला होता. पान वाढलं नाही, खर्च वाढला नाही. मधली पानं आप्पांनी तपासलेलीच होती. "द्या छापायला," मी म्हटलं, आणि येताना बसमध्ये फार समाधानानं शेंगदाणे खाल्ले.

चाळीसच्या चाळीस फोटो आपल्या जागेवर बसले होते आणि चाळीसच्या चाळीस टिपणं एकेक घर पुढं सरकली होती, हे मला कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी सकाळी मंडप भरला. मोठे बाबा आले. पांढरं धोतर, नवी टोपी, सोबत हसनाबादची दहा-बारा माणसं, एक जीप भरून. सात वर्षांनी धाकट्या भावाच्या दारात येताना माणसानं साक्षीदार आणावेत तसे आणले होते. आप्पांनी वाकून नमस्कार केला. मोठे बाबा म्हणाले, "बरं हाय ना?" आप्पा म्हणाले, "हो." सात वर्षांनंतरचं संभाषण एवढंच, पण आईनं पदर डोळ्याला लावला. मोठ्या बाबांना व्यासपीठावर आप्पांच्या शेजारी बसवलं, अंगावर शाल घातली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सूत्रसंचालन गायकवाड सरांकडे होतं. आप्पांच्या शाळेतले सहकारी, आवाज भारदस्त, जिल्ह्यातल्या अर्ध्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालक. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, मोठ्या बाबांवरचं टिपण तेवढं वाचा."

"पान कोणतं?"

"मोठ्या बाबांचा फोटो बघा. त्याच्या शेजारचं."

हे मी सांगितलं. माझ्या तोंडानं. हे मी कुणावर ढकलू शकत नाही, आणि मी ढकलायला माणसं शोधली नाहीत असं नाही.

पुस्तिका अजून वाटायच्या होत्या. मी मागं दारापाशी खोकी फोडत होते. सरांनी पहिली प्रत उचलली, फोटो शोधला, घसा साफ केला.

"गुरुजींनी आपल्या ज्येष्ठ बंधूंविषयी जे हृदय ओतून लिहिलं आहे, ते मी आता आपल्यासमोर वाचतो. 'शेजारच्या फोटोत पाहा.'"

मोठे बाबा ताठ बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"'हा पहिल्यापासून अंगानं धिप्पाड. मानेवर भला मोठा घट्टा. चालताना डाव्या पायात किंचित लचकतो.'"

मोठे बाबा डाव्या पायात लचकतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या हातातलं खोकं मात्र खाली पडलं. मानेवर घट्टा? मी खोक्यातली एक प्रत उचलून पान उघडलं. मोठ्या बाबांचा फोटो. शेजारी सुभेदार. म्हणजे सुभेदाराचा मजकूर.

मी धावले. म्हणजे चार पावलं धावले. पाचव्या पावलाला, खोक्यातली एक प्रत उघडून बसलेल्या आत्यानं हात धरला. "काय सुंदर आलंय गं जावयाचं नाव. हे बघ, यायला दाखव..."

"आत्या, सोडा."

"'हट्टी इतका,'" माइक सांगत होता, "'की मनात नसेल त्या दिवशी कितीही बोंबला, जागचा हलणार नाही. खायला बसला की स्वतःचं संपवून शेजारच्याच्या पुढ्यातलंही संपवणार.'"

मंडपात हशा पिकला. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ थोरल्याची प्रेमळ थट्टा करतोय. मोठे बाबाही जरा हसले.

आत्याच्या तावडीतून सुटून मी मधल्या वाटेत उभी राहिले आणि दोन्ही हात खाली दाबून सरांना खूण केली: थांबा, थांबा. सर अनुभवी माणूस. सूत्रसंचालकाला अशी खूण कुणी केली की तिचा अर्थ 'सावकाश वाचा' असा असतो. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं एकेक वाक्य तोडून तोडून, विराम घेत वाचलं.

"'कामाला... मात्र... जरा मागेच.' 'एकदा... याला... बाजारात नेला.' 'गिऱ्हाइकानं... दात मोजले... आणि नको म्हणून सांगितलं.'"

हशा थांबला. गायकवाड सरांचाही आवाज किंचित अडखळला, पण सुरू केलेलं वाक्य अर्धं टाकायची त्यांना सवय नव्हती.

"'शेवटी म्हटलं, आपलाच आहे, राहू दे दावणीला. असा हा आमचा...'"

इथं पान संपलं. जावयांची ती वरची एक ओळ इथं कामी आली. सरांनी पान उलटलं. अख्खा मंडप वाट बघतोय. आप्पा उभे राहिले होते, पण तोंडातून आवाज फुटत नव्हता.

"'...सुभेदार बैल,'" सर वाचून मोकळे झाले.

कुणीतरी मागं फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मोठे बाबा उठले. अंगावरची शाल काढली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. आप्पांकडे बघून, न चिडता, अगदी हिशेब पटल्यासारखं म्हणाले, "बराबर लिवलंय."

आणि पायऱ्या उतरून चालू लागले, डाव्या पायात लचकत. मी आडवी गेले. "मोठे बाबा, ते तुमच्यावरचं नाहीये, ते पानं सरकली, फोटो बांधायचे राहिले..."

"फोटो कुठं बांधतेत का पोरी?" ते म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

पुढचा तमाशा त्या मानानं किरकोळ. मी मोठ्या बाबांमागं धावले तेवढ्यात आत्यानं मला मदत म्हणून सगळी खोकी वाटून टाकली. आईनं पान उघडलं तर तिच्या फोटोशेजारी, 'सणावाराला बरोबर जेवणाच्या वेळी उगवायचं आणि धोतर मागून न्यायचं ते परत आणायचं नाही'. ते होतं परतूरच्या मामांचं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचं. आणि तिच्यावर लिहिलेलं, 'हिच्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही', ते स्कूटरशेजारी. आई एवढंच म्हणाली, "तिचा फोटो चांगला आलाय." स्कूटरचं टिपण प्रमुख पाहुण्यांच्या वाट्याला गेलं होतं. हे आप्पांचे जुने मुख्याध्यापक. लाथ घातल्याशिवाय चालू न होणं आणि हिवाळ्यात दोघांनी ढकलावं लागणं हे त्यांनी स्वतःच्या फोटोशेजारी दोनदा वाचलं आणि जेवण न करताच निघाले.

सगळ्यात वाईट पुढे होतं. मोठ्या बाबांवरचं टिपण, आठ दिवसांचं, रोलिंग मिलचं, ते मामांच्या फोटोशेजारी पडलं होतं, आणि 'तो माझा दादा' ही शेवटची ओळ तेवढी खाली आईच्या फोटोशेजारी घसरली होती. मामांनी आयुष्यात भट्टी पाहिली ती फक्त आचाऱ्याची. पण पंगतीत लोक येऊन त्यांच्या पाया पडू लागले. "मामासाहेब, तुम्ही गुरुजींसाठी एवढं केलं, कधी बोलले न्हाईत."

मी वाट बघत होते की मामा खुलासा करतील. मामांनी जिलबी तोंडात घातली, हात हलवला आणि म्हणाले, "जाऊ द्या हो. घरच्या माणसासाठी करावंच लागतं." वर उजवी बाही सारून दाखवली. तिथं मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका होता.

आप्पा पंगतीला बसलेच नाहीत. व्यासपीठावर, त्या घडी घातलेल्या शालीशेजारी बसून राहिले. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता तरी रागावतील. ते म्हणाले, "तू बघितलं व्हतंस का एकदा? छापायच्या आधी?"

"पहिलं आणि शेवटचं पान बघितलं."

"अन् मधलं?"

"मधलं तुम्ही तपासलेलं होतं."

"हो," ते म्हणाले. "म्या तपासलं व्हतं." आणि तेही त्यांनी स्वतःवरच घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी दुकान उघडून अँकर करणं शिकले. वीस मिनिटं लागली. एवढ्यासाठी दोन भाऊ, एक मुख्याध्यापक आणि एक बैल. चाळीस फोटो चाळीस ओळींना बांधले, मग मुद्दाम पहिल्या पानावर दहा ओळी घालून बघितल्या. फोटो गुणी पोरांसारखे मजकुरामागं चालत गेले. ते बघून मला रडूच आलं. थोड्या नव्या प्रती छापल्या, आणि मंगळवारी आप्पांना घेऊन हसनाबादला गेले.

मोठे बाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला केलं, बसायला जागा केली. मी लगेच पुस्तिका उघडून समोर धरली. "मोठे बाबा, हे तुमच्यावरचं. आता फोटो नीट बांधलाय. कुठं हलणार नाही."

त्यांनी पानाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "जनावर सुटून शेत खाऊन गेल्यावर आता दावं दाखवून राह्यली का?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे. आणि ती पत्रिकाही मीच केलेली. नाव मी खाली घातलं. आप्पांना माहीतही नव्हतं." सात वर्षं गिळलेलं वाक्य असं एका दमात बाहेर पडलं.

"ठाऊक हाय मला," मोठे बाबा म्हणाले. "ते तुझंच काम व्हतं हे पत्रिका बघूनच कळलं. त्याचा राग नव्हता. पत्रिका छापून आल्यावर यानं बघितली का न्हाई? बघितली. मंग एक फोन करून म्हणायचं ना, दादा, चुकलं. त्याचा राग व्हता." मग आप्पांकडे वळून, "काय रे दत्ता? त्या कागदात काय लिवलंय म्हणे? वाच."

आप्पांनी पुस्तिका घेतली. 'शेजारच्या फोटोत पाहा' एवढं वाचलं आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असा धाक असलेला माणूस, त्याला तीन शब्दांच्या पुढं जाता येईना. शेवटी त्यांनी पुस्तिका मिटून ओट्यावर ठेवली आणि मोठ्या बाबांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, जिथं ती खूण आहे तिथं.

मोठे बाबा म्हणाले, "कळलं. ऱ्हाऊ दे आता." आणि आत तोंड करून, "दत्ता आलाय. भाकरी टाका."

मी म्हटलं, झालं. जिंकलं. निघताना मी नव्या प्रती त्यांच्यापुढं ठेवल्या. "या गावात वाटा मोठे बाबा, त्या दिवशी जीपमध्ये आलेल्यांना द्या." त्यांनी एकच प्रत उचलली, बाकीच्या माझ्याकडे परत सरकवल्या.

"कशाला? ते दहा-बारा जण म्या मुद्दाम नेल्ते. म्हणलं, जन्मभर बायको म्हणती, भाऊ विचारत न्हाई, आता चार मानसायसमोर एकदा ऐकू येऊ दे." ते सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाले. "आता खरं ते मला एकट्याला कळलं. गावाला बैलच कळला. घरोघर कागद वाटून ते बदलत न्हाई."

तरी मी मंठ्यात घरोघर जाऊन जुन्या प्रती परत मागितल्या. एकानंही दिली नाही. "ताई, लई मजा येती वाचायला," म्हणे. मामांनी तर उलट आणखी पाच मागितल्या, जुन्यातल्याच. चुकलेला हजेरीपट तालुक्यात घरोघर आहे, आणि बरोबर असलेला माझ्या दुकानातल्या कपाटात आहे, एकेक फोटो आपापल्या ओळीला घट्ट बांधलेला, आणि तो मागायला कुणी येत नाही.

दोघं भाऊ मात्र बोलतात. दर रविवारी सकाळी हसनाबादहून फोन येतो. आप्पांचा फोन बऱ्याचदा मीच उचलते, आणि दर वेळी मनाशी ठरवते की आज मोठ्या बाबांना नीट सांगायचं, की मला किती वाईट वाटतं, की पुढच्या वर्षी पुन्हा एक कार्यक्रम ठेवू, मी स्वतः एकेक पान तपासेन, आणि सगळ्यांसमोर...

"मोठे बाबा, मी काय म्हणते..."

"दत्ताला दे फोन," ते म्हणतात. "तू मधी काही घालू नको."